स्मृतिभ्रंश किती वेगाने वाढेल, हे रक्त सांगू शकते का?

अल्झायमरच्या रक्तचाचण्यांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि काही पत्रे संक्षिप्त केली आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसले. मेंदूत कोणता आजार आहे हा पहिला, आणि तो कोणत्या गतीने पुढे जाईल हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला आजच्या चाचण्या बऱ्यापैकी ठाम उत्तर देतात. दुसऱ्याला त्या जे उत्तर देतात ते रुग्णांच्या समूहाला लागू पडते. एकट्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 72 आहे. दोन वर्षांपासून ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ठरलेल्या भेटी विसरतात. पण स्वतःचे सर्व व्यवहार अजून तेच पाहतात. मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘एमसीआय’ (स्मृती-बुद्धीची सौम्य घट, पण स्मृतिभ्रंश नव्हे) असे निदान केले आणि पी-टाऊ 217 ही रक्तचाचणी करवली. ती बरीच वाढलेली आली आहे. बाबा आम्हाला आणखी किती वर्षे ओळखतील, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : वर्षांच्या आकड्यात उत्तर देईल अशी चाचणी आज कोणाच्याही हाती नाही. तरीही आपल्याकडे आलेला अहवाल महत्त्वाचा आहे. फक्त तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

टाऊ हे चेतापेशींच्या आतील सूक्ष्म नलिकांना आधार देणारे प्रथिन आहे. अल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर बीटा अ‍ॅमिलॉइड या प्रथिनाचे थर साठू लागले, की टाऊच्या रेणूवर ठरावीक जागी फॉस्फेट अधिक प्रमाणात चिकटते, आणि 217 क्रमांकाच्या जागी फॉस्फेट असलेले टाऊचे तुकडे मेंदूभोवतीच्या द्रवातून रक्तात उतरतात. म्हणून रक्तातील वाढलेला पी-टाऊ 217 ही मेंदूत अ‍ॅमिलॉइड साठल्याची चांगली खूण ठरते. स्वीडनमधील सुमारे 1200 रुग्णांचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पी-टाऊ 217 आणि अ‍ॅमिलॉइड या दोहोंच्या गुणोत्तरांवर आधारलेली रक्तचाचणी साधारण 91 टक्के रुग्णांत बरोबर ठरली. चाचणीचा निकाल न पाहता निदान करणारे स्मृतिभ्रंशतज्ज्ञ 73 टक्के रुग्णांत आणि प्राथमिक उपचार करणारे डॉक्टर 61 टक्के रुग्णांत बरोबर ठरले. वडिलांच्या विसराळूपणामागे अल्झायमरचीच प्रक्रिया असण्याची शक्यता या अहवालाने पुष्कळ वाढवली आहे, आणि निदानाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

गतीचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे कारण या आजाराच्या कालक्रमात आहे. जनुकातील दोषामुळे तरुण वयातच ज्यांच्यात अल्झायमर उतरतो अशा कुटुंबांचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कुटुंबांत लक्षणे साधारण कोणत्या वयात सुरू होतील याचा अंदाज आधीपासून असतो, त्यामुळे मागे वळून वर्षे मोजता येतात. त्यांच्या मेरुद्रवातील (पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातील) अ‍ॅमिलॉइडची पातळी, ते मेंदूत अडकू लागल्याने, लक्षणांच्या अंदाजे 25 वर्षे आधी उतरू लागली होती. पेट स्कॅनवर (किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या मेंदूच्या चित्रावर) दिसणारा अ‍ॅमिलॉइडचा साठा आणि मेरुद्रवातील टाऊची वाढ 15 वर्षे आधी, मेंदूच्या ग्लुकोज वापरातील घट सुमारे 10 वर्षे आधी, आणि चाचण्यांत पकडता येईल असा एकंदर बुद्धीचा ऱ्हास पाचएक वर्षे आधी दिसला. उतारवयात होणाऱ्या नेहमीच्या अल्झायमरमध्येही क्रम साधारण असाच मानला जातो. म्हणजे लक्षणे ठळक होतात तेव्हा अ‍ॅमिलॉइडची बरीचशी साठवण होऊन गेलेली असते आणि तिची वाढ मंदावलेली असते. जी गोष्ट आता फारशी बदलत नाही, तिच्या मोजमापावरून पुढील बदलाचा वेग कसा काढणार?

वेगाशी अधिक जवळचे नाते पेशींच्या आत टाऊ गुरफटून होणाऱ्या गुंत्यांचे आहे. हे गुंते बहुधा कानशिलाच्या आतील भागात प्रथम दिसतात आणि तेथून मेंदूच्या इतर भागांत पसरतात. टाऊ पेट स्कॅनवर ते जितके दूरवर दिसतील तितकी पुढील घसरण जलद असते, आणि ते जेथे दिसतात तेथेच पुढे मेंदू आक्रसतो, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. अ‍ॅमिलॉइडचा स्कॅन याबाबत बराच मागे पडतो. वडिलांच्या बाबतीत गतीचा अधिक चांगला अंदाज हवा असेल तर विचारण्यासारखी चाचणी ही आहे. मात्र ती महाग असते, सर्वत्र मिळत नाही, आणि तिच्या निकालाने उपचारात काही फरक पडणार नसेल तर केवळ कुतूहलासाठी ती करवून घ्यावी असे मला वाटत नाही.

स्मृतिचिकित्सालयांत येणाऱ्या एमसीआयच्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारण 10 ते 15 टक्के लोक स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेत जातात, आणि काहींची स्थिती उलट सुधारतेही. अल्झायमरचे सूचक (रक्त, मेरुद्रव किंवा स्कॅनमधील खुणा) स्पष्ट असतील तर तीन वर्षांत साधारण निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण पुढे सरकतात. आपले वडील या दुसऱ्या गटात बसतात. पण तीन वर्षांनी निम्मे पुढे गेले याचा अर्थ उरलेले अजून गेलेले नाहीत असाही आहे, आणि आपले वडील कोणत्या अर्ध्यात असतील हे या आकड्यात लिहिलेले नसते. शिवाय ‘स्मृतिभ्रंश’ या अवस्थेत जाणे म्हणजे रोजच्या कामांत मदत लागू लागणे. जवळच्या माणसांना न ओळखणे हा त्यापुढचा, बहुधा बऱ्याच वर्षांनी येणारा टप्पा आहे. वयस्कर मेंदूत अल्झायमर क्वचितच एकटा असतो. शवविच्छेदनांत बहुतेक रुग्णांमध्ये त्याच्या जोडीला रक्तवाहिन्यांचे विकार, लेवी पिंड (आल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचे गोळे) किंवा टीडीपी-43 नावाच्या प्रथिनाचे साठे सापडतात, आणि यांतील काहींना जिवंतपणी पकडणारी खात्रीची चाचणी अजून नाही.

वडिलांची गती पाहण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग जुना आणि बिनखर्चाचा आहे. त्याच चाचण्या त्याच पद्धतीने सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा कराव्यात, आणि औषधे घेणे, पैशांचा हिशेब, परिचित रस्ता अशा कामांत मध्यंतरी काय बदलले याची घरच्यांनी तारीखवार नोंद ठेवावी. गेल्या वर्षातील उतार पुढील वर्षाविषयी जेवढे सांगतो तेवढे रक्ताचा एकच नमुना सांगत नाही.

प्रश्न : माझे वय 58 आहे, मला कोणतीही तक्रार नाही. आईला अल्झायमर होता. मी आताच ही रक्तचाचणी करून घेतली तर काय बिघडले?

उत्तर : बिघडते ते गणितात. समजा, आपल्यासारखे तक्रार नसलेले 1000 लोक आहेत आणि त्यांपैकी 150 जणांच्या मेंदूत खरोखर अ‍ॅमिलॉइड साठलेले आहे. चाचणी चांगली आहे असे धरू : साठा असलेल्या शंभरांतील 90 जणांना ती अचूक ओळखते आणि साठा नसलेल्या शंभरांतील 90 जणांना अचूक वगळते. मग 150 पैकी 135 जण बरोबर पकडले जातील. पण उरलेल्या 850 निरोगी लोकांपैकी 85 जणांचा अहवालही ‘पॉझिटिव्ह’ येईल. एकूण 220 पॉझिटिव्ह अहवालांत 85 खोटे, म्हणजे पाचांत जवळजवळ दोन. आता तीच चाचणी स्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या 1000 लोकांवर करा, ज्यांत 600 जणांना खरोखर साठा आहे. तेथे 540 खरे आणि 40 खोटे पॉझिटिव्ह निघतील. खोट्यांचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास. चाचणी तीच आहे, प्रयोगशाळा तीच आहे, बदलला तो फक्त चाचणी करून घेणारा माणूस.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये पी-टाऊ 217 आणि अ‍ॅमिलॉइड यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, ती 55 वर्षे व त्यावरील वयाच्या आणि लक्षणे असलेल्या लोकांसाठी. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशन या संस्थेच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनाही तक्रार असलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांपुरत्याच आहेत. तक्रार नसलेल्यांनी हौसेखातर ही चाचणी करावी असे त्यांत कुठेही नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपला अहवाल खरोखरच पॉझिटिव्ह असला, तरी आजार पुढे दिसेलच असे नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार, तक्रार नसलेल्या पण अ‍ॅमिलॉइड असलेल्या 65 वर्षांच्या स्त्रीला उरलेल्या आयुष्यात अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता सुमारे 29 टक्के आहे आणि 90 वर्षांच्या स्त्रीला सुमारे 8 टक्के. आजाराचा मूक काळ एवढा लांब असतो, की बहुतेकांचे आयुष्य त्याआधीच पूर्ण होते. काही संशोधक साठा दिसला की त्याला थेट ‘अल्झायमर’ म्हणतात; अल्झायमरच्या निदानाच्या 2024 च्या सुधारित निकषांची भूमिका तीच आहे. तक्रार नसलेल्या माणसावर आजाराचे नाव लावू नये, त्याला ‘धोका असलेला’ म्हणावे, असा तज्ज्ञांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचा आग्रह आहे. मला हा दुसरा पक्ष पटतो, कारण निदानाचा शिक्का बसल्यावर माणसाचे जगणे बदलते आणि त्या बदल्यात आज देण्यासारखे आपल्याकडे फारसे काही नाही.

आपण एपीओई जनुकाची चाचणी करण्याचाही विचार केला आहे, असे पत्रात लिहिले आहे. या जनुकाचा ई-4 हा प्रकार धोका वाढवतो हे 1993 पासून ठाऊक आहे. एकाऐवजी दोन प्रती असल्या तर धोका बराच अधिक वाढतो. पण तो निदान नव्हे, आणि पुढील गतीविषयी त्यातून फारच थोडे कळते. हा निकाल कळल्याने माणसे कोलमडत नाहीत, असे रुग्णांच्या प्रौढ मुलांवर केलेल्या एका अभ्यासात 2009 मध्ये दिसले होते. तथापि 2014 च्या दुसऱ्या अभ्यासात, ई-4 असल्याचे ज्यांना सांगितले गेले त्या वृद्धांनी स्वतःची स्मृती अधिक वाईट ठरवली आणि एका स्मृतिचाचणीत त्यांचे गुणही, ते न सांगितलेल्या ई-4 धारकांपेक्षा, कमी आले. आपली जनुके तपासण्यापेक्षा रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि श्रवणशक्ती तपासून घ्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या 14 धोक्यांच्या यादीत या चारही गोष्टी घेतल्या आहेत, आणि या चारांवर आज काहीतरी करता येते.

प्रश्न : सासूबाईंचे वय 86 आहे. एका संशोधनप्रकल्पात त्यांचा पेट स्कॅन झाला आणि मेंदूत अ‍ॅमिलॉइड असल्याचे सांगण्यात आले. त्यांची स्मृती तर आमच्यापेक्षा चांगली आहे. स्कॅन चुकला असेल का?

उत्तर : चुकला असेलच असे नाही. तक्रार नसलेल्या लोकांत अ‍ॅमिलॉइड आढळण्याचे प्रमाण पन्नाशीत सुमारे 10 टक्के, तर नव्वदीत सुमारे 44 टक्के असते, असे 2015 मध्ये जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले. अमेरिकेत 678 नन्सवर केलेल्या प्रसिद्ध अभ्यासातील एक नन 101 व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत त्यांचे चाचण्यांतील गुण चांगले होते आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा मात्र भरपूर सापडल्या. सासूबाईंचे वय आणि आजवरची स्मृती पाहता या स्कॅनवरून त्यांच्या दिनक्रमात काही बदलू नये. त्यांना निकाल विचारायचा नसेल तर तो त्यांच्यावर लादूही नये.

प्रश्न : आईचा पी-टाऊ 217 गेल्या वर्षीपेक्षा यंदा जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढला आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेतून केलेल्या ‘एनएफएल’चा आकडाही जास्त आहे. आजार बळावला असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या चाचण्यांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच ठिकाणी केलेल्या चाचणीतही थोडा चढउतार होतो. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर पी-टाऊ 217 आणि एनएफएल हे दोन्ही आकडे मेंदूत काही नवे न घडता वाढतात, तर वजन जास्त असलेल्यांत ते कमी दिसतात. म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा) अहवाल आणि वजन माहीत नसताना आकडा वाचणे म्हणजे अर्धाच कागद वाचणे होय. फॉस्फेट असलेल्या आणि नसलेल्या टाऊचे गुणोत्तर काढणाऱ्या चाचण्यांवर मूत्रपिंडाचा परिणाम कमी होतो. आईला तसा विकार असेल तर डॉक्टरांना याविषयी विचारावे. रक्तातील नुसत्या अ‍ॅमिलॉइडचा अहवाल तर याहून नाजूक असतो, कारण मेरुद्रवात आजारी आणि निरोगी यांच्यातील फरक मोठा असला, तरी रक्तात तो दहा-पंधरा टक्क्यांवर येतो.

एनएफएल, म्हणजे न्यूरोफिलामेंट लाइट, हे चेतापेशींच्या लांब तंतूंच्या सांगाड्यातील प्रथिन आहे आणि तंतू तुटले की ते बाहेर पडते. त्याला राख म्हणता येईल : काहीतरी जळत आहे हे ती सांगते, काय जळत आहे हे सांगत नाही. अल्झायमर, पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरॉसिस, डोक्याला मार, यांपैकी कशानेही तो वाढतो, आणि वयानुसारही वाढतो. तरीसुद्धा गतीच्या दृष्टीने पाहता रक्तातील सूचकांत मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण नुकसान किती वेगाने होत आहे याच्याशी त्याचे सरळ नाते आहे. जनुकीय अल्झायमरच्या कुटुंबांत एनएफएल वाढण्याचा वेग लक्षणांच्या सुमारे 16 वर्षे आधीपासून वेगळा दिसू लागतो, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधनात एका आकड्यापेक्षा एकाच माणसातील बदलाचा कल अधिक बोलका ठरला. मात्र घरोघरच्या रुग्णांसाठी अशा वारंवार मोजमापाच्या सर्वमान्य मर्यादा अजून ठरलेल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी चाचणी करून आलेख काढत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आईचे बोलणे, वागणे आणि कामे जर गेल्या वर्षीसारखीच असतील, तर पंधरा टक्क्यांची वाढ बाजूला ठेवावी.

प्रश्न : माझ्या पतींना लेवी पिंडांचा स्मृतिभ्रंश आहे, आणि थोरल्या जाऊबाईंना पुढच्या खंडाचा, म्हणजे फ्रंटोटेम्पोरल प्रकारचा. या चाचण्या त्यांच्यासाठीही आहेत का?

उत्तर : पतींच्या आजारात मूळ प्रथिन आल्फा-सायन्यूक्लिन आहे. ते शोधण्यासाठी मेरुद्रवातील अल्पशा विकृत प्रथिनाला प्रयोगशाळेत वाढू देऊन पकडणारी बीजवर्धन चाचणी निघाली आहे आणि तिची अचूकता चांगली आहे. पण तिचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, गतीविषयी ती मौन बाळगते. पी-टाऊ 217 मात्र पतींच्या बाबतीत वेगळ्या अर्थाने उपयोगी पडू शकतो : लेवी पिंडांच्या जोडीला अल्झायमरची प्रक्रियाही असेल तर घसरण सरासरीने जलद होते.

जाऊबाईंच्या आजारात एनएफएलचा उपयोग सर्वांत स्पष्ट आहे. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तो बराच वाढतो आणि जितका अधिक तितका पुढील ऱ्हास जलद, असा कल दिसतो. या आजाराची सुरुवात वागणुकीतील बदलाने होत असल्याने रुग्णाला पुष्कळदा मानसिक आजार ठरवले जाते. तेथे एनएफएलचा सामान्य आकडा डॉक्टरांना दिलासा देतो आणि वाढलेला आकडा पुढील तपासणीकडे नेतो. पत्रात आपण रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाचाही ओझरता उल्लेख केला आहे. तेथे रक्तचाचणीपेक्षा एमआरआय अधिक सांगतो, आणि गती ठरते ती पुढचा पक्षाघात होतो की टळतो यावरून.

प्रश्न : पत्नीला सुरुवातीचा अल्झायमर आहे. नव्या औषधाआधी टाऊ पेट स्कॅन आणि एपीओई चाचणी, दोन्ही कराव्यात असे डॉक्टर म्हणाले. रक्तचाचणी झालेली असताना हे सर्व कशासाठी?

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी आहेत. डोनानेमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीत रुग्णांची विभागणी टाऊ स्कॅनवरून केली होती. टाऊ कमी ते मध्यम असलेल्या गटात 76 आठवड्यांत घसरण सुमारे 35 टक्क्यांनी मंदावली. जास्त टाऊ असलेले रुग्ण मिळवून सर्वांचा विचार केला तर हा फायदा सुमारे 22 टक्क्यांवर आला. आजार कुठवर पोहोचला आहे हे कळले, तर औषधातून काय अपेक्षा ठेवावी हेही थोडे कळते. एपीओई चाचणी धोक्यासाठी आहे. अ‍ॅमिलॉइड काढणाऱ्या औषधांनी मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो आणि ई-4 च्या दोन प्रती असणाऱ्यांत ते प्रमाण सर्वाधिक असते. वर मी एका वाचकाला याच जनुकाच्या चाचणीपासून परावृत्त केले. आपल्या पत्नीच्या बाबतीत ती करावी असे सांगतो, कारण येथे तिच्या निकालावर एक निर्णय अवलंबून आहे.

ही औषधे अ‍ॅमिलॉइडचा साठा ठळकपणे कमी करतात, स्कॅन जवळजवळ स्वच्छ दिसू लागतो. लेकानेमॅब या अशाच दुसऱ्या औषधाच्या चाचणीत त्याबरोबर 18 महिन्यांत घसरण 27 टक्क्यांनी मंदावली, म्हणजे 18 गुणांच्या मापनश्रेणीवर 0.45 गुणांचा फरक पडला. घसरण थांबली नाही, गेलेली स्मृती परत आली नाही. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर ‘स्कॅन सुधारला’ असे म्हणतील तेव्हा ते वाक्य सूचकाविषयी असेल. पत्नीची बोलण्यातील, हिशेबातील आणि रोजच्या कामांतील स्थिती काय आहे, हे त्याच भेटीत वेगळे विचारावे आणि दोन्ही उत्तरे वेगवेगळी लिहून ठेवावीत. पहिल्या काही महिन्यांतील ठरलेले एमआरआय मात्र एकही चुकवू नये, कारण सूज बहुधा याच काळात येते आणि अनेकदा तिची कोणतीही लक्षणे नसतात.